एका पायाच्या दोन पत्र्या

मार्च लागला की आमच्या कॉलनीतली पोरं एकाएकी शहाण्यासारखी वागू लागतात. क्रिकेट थांबतं, दुचाक्यांचे हॉर्न थांबतात आणि घराघरांतून पाठांतराची एकसुरी गुणगुण ऐकू येते. माझी नात मुक्ता जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरते आणि मला टीव्ही बंद करायला लावते. मी मुकाट बंद करतो. अमरावतीत शिकवणीचे वर्ग आता इतके झालेत, की ऑटोच्या पाठीवरही पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फोटो चिकटवलेले दिसतात. मला त्या हसण्यावर विश्वास बसत नाही. तसा मला कशावरच चटकन विश्वास बसत नाही. दूधवाल्याच्या मापावर नाही, डॉक्टरच्या गोळीवर नाही आणि "सहज आलो होतो" म्हणणाऱ्या पाहुण्यावर तर मुळीच नाही. सूनबाई म्हणते, बाबा आधी माणसाच्या पायांकडे पाहतात, मग तोंडाकडे. तिचं खरं आहे. ही खोड मला अशाच एका परीक्षेच्या मोसमात लागली आणि पुढं गेलीच नाही.

परवा मुक्ता वाचता वाचता थांबली.

"आजोबा, देवमासा गायीच्या नात्यातला आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात काय, काहीही असतं."

जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलेल्या माणसानं असं बोलू नये, पण तोंडातून गेलं. तिनं पुस्तक माझ्याकडे फिरवलं. पानावर घोट्याच्या हाडाचं चित्र होतं. ते मी चष्म्याशिवायही ओळखलं असतं. गाय, बकरी, हरीण, डुक्कर, उंट, ज्यांना समखुरी म्हणतात, म्हणजे ज्यांच्या अंगाचा भार पायाच्या मधल्या दोन बोटांवर सारखा वाटलेला असतो, त्या सगळ्यांच्या मागच्या पायात हे हाड असतं. वरच्या टोकाला खोबण, खालच्याही टोकाला खोबण. विहिरीवरचं मोटेचं चाक दोन्हीकडं बसवावं तसं. त्यामुळं पाय पुढंमागं झरझर चालतो आणि बाजूला मुरगळत नाही. मुक्ता म्हणाली, फार फार जुन्या देवमाशांना पाय होते, आणि त्यांच्या घोट्यात हेच हाड निघालं. पाणघोड्याला आम्ही डुकराच्या बाकावर बसवायचो. तोही आता तिथून उठलाय. तो म्हणे देवमाशाला जास्त जवळचा.

"आमच्या वेळी देवमासा वेगळ्या गणात होता," मी म्हणालो.

"तुमच्या वेळचं चुकलं होतं," ती सहज म्हणाली आणि पान उलटलं. पंख्यानं पान उडायला लागलं म्हणून तिनं माझ्या कपाटावरचे दोन लोखंडी तुकडे उचलून त्याच्यावर ठेवले. चपटे, एका बाजूनं किंचित वाकलेले, कडेला बारीक भोकं असलेले.

"आणि हे काय आहे हो? कधीची विचारीन म्हणते."

ते दोन तुकडे मी कित्येक वर्षं बिऱ्हाडांबरोबर हलवत आणले, आणि या घरात कोणीही मला त्यांच्याबद्दल विचारलं नव्हतं. मला वाटायचं, बरंच आहे.

ते दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा, कारभार इंग्रजाचा आणि कचेरी नागपूरची. आपण नेमके कोणात मोडतो हे आमच्या मोठ्यांनाही धड सांगता यायचं नाही. रॉकेल चिठ्ठीवर मिळायचं. चावडीवर नवा माणूस येऊन बसला की बोलणं पिकापाण्यावर यायचं आणि तो उठून गेला की पुन्हा मूळ जागी. कोण कोणाचा खबऱ्या आहे याचा अंदाज बांधणं हा गावाचा उद्योग होता. आमचं गाव बडनेऱ्यापासून दोन कोसांवर. आम्ही माळी. मेथी, वांगी, पत्ताकोबी लावायची आणि उमरावतीच्या बाजारात न्यायची. तेव्हा अमरावतीला सगळे उमरावतीच म्हणत. आमच्या बांधाला लागून गणपतकाकाचं काळ्या मातीचं वावर होतं, कपाशीचं आणि ज्वारीचं. विहीर दोघांत मिळून एक. मोट आमची आणि ती ओढणारी बैलजोडी काकाची, कारण आमच्याकडे बैल नव्हते. नात्यानं गणपतकाका आमचा कोणी नव्हता. पण मोटेचं पाणी दोघांच्या पाटात जायचं, आणि मला नात्याची एवढी खूण पुरायची.

त्या जोडीचा गावात मान होता. पोळ्याच्या दिवशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखाली गावच्या जोड्या ओळीनं उभ्या राहतात. पहिल्या जागेवर मानाची जोडी. ती जागा कितीतरी वर्षं काकाच्या बैलांची होती. आमच्या गावात एक रीत फार कडक पाळत. ज्या जोडीनं कोंडवाडा पाहिला, ती पुन्हा पहिल्या जागेवर उभी राहायची नाही. दुसऱ्याच्या पिकात तोंड घालणारं जनावर तिथं कोंडायचे, म्हणून हा डाग बैलाला नसून मालकाला लागायचा.

मी उमरावतीच्या कॉलेजात शास्त्र शिकत होतो. त्या मोसमाचे वास अजून नाकात आहेत. प्रयोगशाळेतल्या बरण्यांचा डोळ्यांना झोंबणारा वास, आणि गावी आलो की हरभऱ्यावरच्या आंबट दवाचा. पहाटे हरभऱ्यातून चाललं की पायांना आंब लागायची आणि बारीक चिरा चरचरायच्या. आमचे प्राणिशास्त्राचे सर नागपूरकडचे होते आणि बोलताना डोळे मिटून घेत. त्यांच्याकडे हाडांचं एक लाकडी खोकं होतं. त्यातून ते एकेक पाय काढून आमच्यापुढं ठेवत. डुकराला चार बोटं, दोन टेकणारी आणि दोन मागं लोंबणारी. सांबराला टेकणारी दोन, मागची उगाच राहिल्यासारखी. उंटाला फक्त दोन आणि खाली गादी. मेळघाटातून कोणीतरी आणून दिलेला पिसोरीचा पाय त्या खोक्यात होता. पिसोरी म्हणजे सशापेक्षा थोडी मोठी, बिनशिंगाची हरणासारखी. ती रवंथ करते, पण पायाला चारही बोटं धरून असते आणि नराला तोंडात सुळे. डुक्कर आणि हरीण यांच्या मध्येच कुठंतरी थांबून राहिलेली.

"दिसण्यावर जाऊ नका," सर म्हणत. "घोडा आणि बैल दोघंही गाडी ओढतात, दोघंही चारा खातात. पण घोडा एका बोटावर उभा आहे आणि बैल दोन बोटांवर. घोड्याचा भाऊबंद गेंडा आहे, बैल नाही."

मला हे शास्त्र फार आवडलं. का आवडलं ते पुढं कळलं. वर्गीकरण शिकणं म्हणजे दिसण्यावर संशय घ्यायला शिकणं. एकासारखा दिसतो तो त्याचा नसतो आणि ज्याचं तोंड पाहवत नाही तो सख्खा निघतो. संशय घेण्याबद्दल शाबासकी देणारा दुसरा विषय कॉलेजात नव्हता.

त्या वर्षी माझ्या खोलीच्या गल्लीत देवीची साथ आली आणि माय मला घरी घेऊन आली. परीक्षेला घरूनच जाऊन यायचं ठरलं. गणपतकाका म्हणाला, "मी हाय ना. रोज सकाळी दमणीनं नेतो अन् दिवस बुडाच्या आत आणतो." दमणी म्हणजे त्याची हलकी, पळणारी बैलगाडी. एकदा तिच्यातून येताना मी त्याला खुरांचं सगळं सांगितलं. तो ऐकून घ्यायचा, मध्येच बैलांच्या पाठीवर हात फिरवायचा.

"अन् रोही कोणाचा?" त्यानं विचारलं.

रोही, ज्याला शहरात नीलगाय म्हणतात, आमच्याकडच्या पिकांचा जुना वैरी. तोंड घोड्यासारखं, मान हरणासारखी, अंग गोऱ्ह्यासारखं. मी ऐटीत सांगितलं, की सांबराची शिंगं दरसाल गळतात, रोहीची गळत नाहीत, आतून पोकळ असतात. म्हणून तो हरणाचा नाही, गायीच्या कुळातला.

काका बराच वेळ हसला. "म्हणजे माह्या बैलायचा मावसभाऊच म्हन ना. आता पिकात आला त हाकलाले जीव कसा होईन?" मग थोड्या वेळानं म्हणाला, "पाय पाहून सांगता येते, कोन व्हय ते?"

"येतं की," मी म्हणालो.

बाबांचं मात्र या शिक्षणावर कधीच मन बसलं नाही. संध्याकाळी मी ओसरीवर मोठ्यानं पाठ करत होतो, डुक्कर, उंट, सांबर, गाय, गण एक. बाबा मेथीच्या जुड्या बांधत होते. त्यांचे हात थांबले.

"काय म्हणला?"

मी पुन्हा म्हटलं.

"गाय अन् डुक्कर एका घरात? हे शिकाले धाडलं तुले?" ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. एक जुडी बांधून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हे कोनी शिकवून रायलं अन् काहून शिकवून रायलं, ते पायलं पायजे."

त्या दिवसापासून ते माझ्या वह्या उलटसुलट करून पाहू लागले. त्यांना वाचता येत नव्हतं. चित्रं पाहायचे. डुकराच्या कवटीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहायचे. मी मान खाली घालायचो. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. पोरगं हातचं चाललंय. मोटेवर माणूस नाही, आणि हे तिकडं हाडं चितारून राहिलंय.

परीक्षा चार दिवसांवर आली असताना एका सकाळी बाबांची हाक ऐकू आली. मी वावरात गेलो. आदल्या दिवशी पाणी दिलेल्या पत्ताकोबीच्या वाफ्यांमध्ये जनावर फिरलं होतं. गड्डे अर्धे खाल्लेले, मेथी मुळासकट तुडवलेली, आणि काकाच्या बांधाकडचं काटेरी कुंपण एका जागी पडलेलं. आठ दिवसांपूर्वीच पाण्याच्या पाळीवरून बाबा आणि काका यांच्यात दोन शब्द झाले होते. बाबा त्या पडलेल्या कुंपणाकडे पाहत उभे होते, आणि त्यांनी मनात काय ठरवलंय हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

"रोही असेल," मी म्हणालो.

"रोही तीन साल झाले इकडे फिरकला नाई." ते वळले. "तू म्हणते ना, पाय पाहून वयखता येते? मंग वयख. कॉलेजानं तुले काय देल्लं ते आज दिसू दे. नाई वयखता आलं त परीक्षा गेली चुलीत. उद्यापासून मोटेवर उभा राय."

मी घरी जाऊन प्रयोगाची वही, पेन्सिल, रबर आणि पट्टी घेऊन आलो. गुडघ्यावर बसलो. ओल्या काळ्या मातीत ठसे खोल गेले होते. रुंद, गोलसर, दोन बोटं फाकलेली. मी पट्टी लावली, मोजलं, काढलं. बाबा माझ्या डोक्यावर उन्हात उभे होते आणि त्यांची सावली वहीवर पडत होती. काढून झाल्यावर मी म्हणालो, "बैलाचा आहे."

काळी माती पाणी प्यायली की पायाला धरते आणि फुगवते, हे आमच्याकडच्या कोणत्याही गुराख्याला माहीत होतं. चिखलातून पळणाऱ्या रोहीची बोटं फाकतात आणि त्याचा अरुंद पाय बैलाएवढा दिसतो. मला ते पुस्तकातून माहीत नव्हतं. निदान पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला असंच सांगत आलो.

दुपारी चावडीवर बैठक बसली. पाटील, चारदोन म्हातारे, बाबा आणि मी. बाबांनी माझी वही पाटलांपुढं ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा ते ती वही अशी जपून धरत होते. पाटलांनी चित्र पाहिलं, दुसऱ्यांना दाखवलं. मग मला विचारलं, "कोनाचा पाय?"

"बैलाचा."

"पक्कं?"

"पक्कं."

"गनपत, तू बोल," पाटील म्हणाले.

काकानं वही हातात घेतली. ती उलटी होती, त्यानं सरळ केली. तो त्या चित्राकडे इतका वेळ पाहत राहिला, की मला वाटलं आता काहीतरी म्हणणार. त्यानं वही मिटली आणि माझ्याकडे दिली.

"पोरगं शिकेल हाय," तो म्हणाला. "थे म्हणते त असन."

कोंडवाड्याचा निर्णय झाला. कोतवाल उठला, पण काका म्हणाला, "कोनी हात लावू नका. मीच नेतो." थोड्या वेळानं तो जोडी घेऊन चावडीवरूनच गेला. दुसरीकडून वाट होती, तरी इथूनच गेला. चावडीपुढं थोडी दगडी फरशी होती. तिच्यावरून बैल चालले तेव्हा खट्खट् असा आवाज झाला, लोखंड दगडावर आपटावं तसा. मी ऐकला. कोणी काही बोललं नाही. पुढं मला कितीदा तरी संशय येत राहिला, की तो आवाज सगळ्यांनाच ऐकू आला असावा. पाटलांना, म्हाताऱ्यांना आणि बाबांनाही.

परीक्षेला मी पायीच निघालो. बडनेऱ्याच्या सडकेला रज्जाकचाचा या नालबंदाचा छपराखालचा ठिय्या होता. घोड्याचे नाल एका खिळ्याला टांगलेले आणि बैलांच्या पत्र्या दुसऱ्या. घोड्याला एका पायाला एक नाल. बैलाला एका पायाला दोन पत्र्या, प्रत्येक बोटाला एक, कारण बैलाची बोटं चालताना वेगवेगळी हलतात. एकच नाल ठोकला तर तो लंगडा होईल. सरांच्या खोक्यातलं सगळं शास्त्र त्या दोन खिळ्यांवर टांगलेलं होतं आणि मी इतकी वर्षं तिथून जात असूनही कधी पाहिलं नव्हतं. आमच्या काळ्या मातीच्या गावात कापसाच्या गाड्या संपल्या की पत्र्या काढून टाकायचे. वावरात त्यांची गरज नसते.

"पैदल काहे को?" चाचानं विचारलं. "गनपत नहीं आया? मंगलवार को आके तो चारों पाँव ठोक के ले गया दोनों के. मैंने बोला, अरे भाऊ, अब किसलिए, कपास तो हो गयी. बोला, हमारे पोरगे का इम्तिहान है, पक्की सड़क पे रोज दौड़ाना है."

मी हिशेब केला. मंगळवारी पत्र्या मारल्या. गुरुवारी सकाळी ठसे. पत्री मारलेल्या बैलाचा ठसा सपाट उमटतो आणि त्यात खिळ्यांच्या डोक्यांचे ठिपके असतात. मी सडकेच्या कडेला पिशवी ठेवून वही उघडली. माझ्या चित्रात खूर होता, खुराच्या कडा होत्या, मधली फट होती, मातीची फाटलेली कडसुद्धा होती. खिळ्याचा एकही ठिपका नव्हता. त्या दिवसापर्यंत माझ्याकडून इतकं चांगलं चित्र निघालं नव्हतं.

लेखी पेपर कसे गेले ते आठवत नाही. प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्यापुढं घोट्याचं हाड ठेवलं. "कोणत्या गणातलं? कशावरून?" मी दोन्ही खोबणी दाखवल्या आणि खडाखड बोलत सुटलो. त्यांनी वही चाळली. बैलाच्या ठशापाशी थांबले आणि म्हणाले, "हे जागेवर जाऊन काढलंय?" मी हो म्हणालो. त्यांनी त्या पानावर बरोबरची खूण केली आणि खाली सही केली.

गावात कोणालाही मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबांनी वही चुलीत घातली असती आणि मला मोटेवर उभं केलं असतं. हे कारण खरं होतं. पण खरं कारण हाताशी असलं, की माणूस त्याच्यामागं आणखी काय काय लपवतो हे मला तेव्हा नव्यानं कळत होतं. मग मी काकावरच संशय घेऊ लागलो. एका वाक्यात सुटला असता, मग बोलला का नाही? नक्कीच काहीतरी लपवत असणार. कदाचित बैल खरंच सुटले असतील, पण दुसऱ्याच कोणाच्या वावरात. असं काहीबाही जुळवत बसलो की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

चैत्र लागला तेव्हा एका दुपारी काका विहिरीजवळच्या निंबाखाली दिसला. बैल आडवा पाडला होता, चारही पाय दोरानं बांधलेले. काका सांडशीनं पत्र्यांचे खिळे काढत होता. मोट बंद होती. बाबांनी त्याची जोडी घेणं सोडलं होतं आणि आमची वांगी उभ्या उभ्या वाळत होती. मी त्याच्यासमोर जाऊन बसलो. पत्र्या जवळजवळ कोऱ्याच होत्या. ज्या सडकेसाठी त्या मारल्या होत्या, त्या सडकेवर परीक्षेसाठी एक दिवसही धावल्या नव्हत्या. नालबंदाकडून घरी आणि मग कोंडवाड्यापर्यंत तेवढ्या गेल्या होत्या.

"पत्र्यांचं मला कळलं," मी म्हणालो. "तुम्ही बोलले का नाही?"

काकानं खिळा ओढून काढला आणि शेजारच्या करवंटीत टाकला. "तुहा हात कापून रायला होता त्या दिवशी. चित्रात दिसते थे. रेघ हालली हाय." त्यानं दुसरा खिळा धरला. "मी बोललो असतो त तुह्या बापानं तुले मोटेवर जुंपलं असतं. मोटेवर दोन बैल हायेतच. आखीन एक काहून?"

"आणि पोळ्याचा मान?"

"पोया दरसाल येते. परीक्षा दरसाल कोठी येते?"

त्यानं एका पायाच्या दोन्ही पत्र्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "घे. तुह्यासाठीच मारल्या होत्या." मग बैलाचा पाय मांडीवर तसाच धरून त्यानं मला विचारलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं असावं तसं.

"पन एक सांग. तुले खरंच बैलाचा वाटला?"

"हो," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला आणि पुढच्या खिळ्याला लागला.

मी पास झालो. बाबांनी गावात पेढे वाटले, मला पुन्हा उमरावतीला पाठवलं, आणि गाय-डुकराचं नाव नंतर कधी काढलं नाही. पोळा आला. तोरण बांधलं, झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणून झाली. पहिल्या जागेवर पाटलांची जोडी होती. गणपतकाका आपली जोडी घेऊन ओळीच्या शेवटी उभा होता, बैलांना अंघोळ घातलेली, शिंगांना बेगड लावलेलं, सगळं दरवर्षीसारखं. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून शेजारच्या गावच्या पाहुण्याला सांगत होते, "माह्या पोरानं नुसता पाय पाहून वयखलं होतं." मी तेव्हा बोलायचं ठरवून आलो होतो. बोललो नाही. पुढच्या पोळ्याला बोलू म्हणालो. पुढच्या पोळ्यापर्यंत जोडीतला एक बैल मेला, आणि नंतर काकाही फार वर्षं राहिला नाही.

हे सगळं मी परवा मुक्ताला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी. तिनं पुस्तक मिटून ठेवलं होतं. "ती वही आहे अजून?" तिनं विचारलं. मी ट्रंकेतून काढून दिली. पानं पिवळी पडलीत, पण पेन्सिल पुसली गेली नाही. परीक्षकांची खूण आणि सहीही तशीच आहे.

तिनं ते पान बराच वेळ पाहिलं. मग वही घेऊन खिडकीपाशी गेली आणि उजेडात तिरपी धरली. नव्या पोरांना सगळं तपासून पाहायची सवय असते. मला एरवी ते आवडतं.

"आजोबा, इथं आधी दुसरंच काहीतरी काढलं होतं. खोडलंय, पण कागदावर दाब राहिलाय." तिनं बोटानं रेघ गिरवली. "बारीक आहे. पुढं टोकदार."

वाफ्याच्या कडेला, जिथं पाणी पोचलं नव्हतं, तिथं एकच ठसा स्वच्छ उमटलेला होता. मी आधी तोच काढला होता. मग बाबांची सावली वहीवर पडली, मी रबर घेतलं आणि सरकून चिखलातल्या रुंद ठशापाशी जाऊन बसलो.

मुक्ता वही घेऊन परत टेबलाशी आली. त्या दोन पत्र्या तिनं पुस्तकावरून उचलून वहीच्या पानावर ठेवल्या, एकीशेजारी एक, मध्ये फट सोडून.

"तुम्हाला खरंच बैलाचा वाटला होता?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.